बीपी चांगलं आहे, पण पेशंट बरा दिसत नाही
रुग्णसेवा : वाचकांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं वॉर्डात काम करणाऱ्या सिस्टर आणि ब्रदर मंडळींची आहेत, एक नातेवाइकाचं आहे. औषधाचा निर्णय डॉक्टरांचा, हे गृहीत धरूनच उत्तरं लिहिली आहेत. काय बघायचं, कोणत्या क्रमानं बघायचं आणि हाक कधी मारायची, एवढंच इथं आहे.

आमच्या ग्रामीण रुग्णालयात ३० खाटा आहेत. रात्री आठला ड्युटीवर येते तेव्हा २२ ते २५ पेशंट असतात. मी एकटी आणि सोबत एक मावशी. सगळ्यांचे बीपी घेईपर्यंत दहा वाजतात. आधी कोणाकडे जायचं? सध्या ज्याचे नातेवाईक जास्त ओरडतात त्याच्याकडे आधी जाणं होतं.
— स्टाफ नर्स, यवतमाळ जिल्हा

पहिल्या खाटेपासून बीपी मोजत सुटलात तर विसाव्या खाटेवरचा माणूस दीड तास तुमची वाट बघत पडून राहतो. म्हणून आधी बीपीचं यंत्र न घेता एक फेरी मारा. एका खाटेला वीस-पंचवीस सेकंद, पूर्ण वॉर्डाला दहा मिनिटं. हँडओव्हरही टेबलाशी न घेता याच फेरीत, खाटेजवळ उभं राहून घ्या. जाणाऱ्या सिस्टरला घरी जायची घाई असते, पण खाटेशी उभं राहिलं की "ड्रेन रिकामा केला होता का?" असले प्रश्न आपोआप निघतात. (ड्रेन म्हणजे ऑपरेशनच्या जागेतलं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी.)

फेरीत प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा : "जेवले का जी?" आणि उत्तर देईस्तोवर त्याचा हात हातात घ्या. पूर्ण वाक्यात उत्तर आलं तर श्वासनलिका मोकळी आहे, दम पुरतो आहे आणि डोकं ठिकाणावर आहे, हे तिन्ही कळलं. दोन शब्दांवर श्वास घ्यावा लागला तर तिथंच थांबा. हात थंड आणि ओलसर लागला तरी थांबा. काल गप्पा मारणारा म्हातारा आज "हं" एवढंच म्हणतो किंवा चादर चिवडत बसतो, त्याला "झोपेत आहे" म्हणून सोडू नका. नव्यानं आलेला गोंधळ ही मोठी खूण आहे. जाता जाता नळ्यांवर नजर टाका : सलाईन चालू आहे का, लघवीच्या पिशवीत किती आहे, ड्रेनचा रंग कसा, ऑक्सिजन खरंच येतो आहे का.

आता मोजणी. यात क्रम असा ठेवा : फेरीत खटकलेले, आज ऑपरेशन झालेले, ऑक्सिजनवर असलेले, विषबाधा आणि सर्पदंशाचे, गेल्या चोवीस तासांत भरती झालेले. मग बाकीचे.

आकडे घेतल्यावर त्यांची बेरीज करा. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१२ मध्ये काढलेली आणि २०१७ मध्ये सुधारलेली 'न्यूज-टू' ही गुणपद्धत यासाठी सोपी आहे. श्वास, ऑक्सिजनचं प्रमाण, ऑक्सिजन लावला आहे का, वरचं बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप, या सात गोष्टींना गुण द्यायचे. बेरीज ५ किंवा जास्त झाली तर डॉक्टरांना तातडीनं बोलवायचं. ७ किंवा जास्त म्हणजे आणीबाणी. एकाच गोष्टीत ३ गुण पडले तरी डॉक्टरांना कळवायचं. सोळा वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बायकांना ही पद्धत लावू नका, त्यांचे मुळातले आकडेच वेगळे असतात.

बेरजेचा फायदा काय, ते बघा. सात नंबरच्या खाटेवर तापाचा पेशंट आहे : बीपी ११०/७०, नाडी ११२, श्वास २४, ऑक्सिजन ९५, ताप १०१.१, शुद्धीवर. यातला एकही आकडा पाहून कोणी धावत येणार नाही. पण गुण लावा : बीपीला १, नाडीला २, श्वासाला २, ऑक्सिजनला १, तापाला १. झाले ७. शेजारी आठ नंबरला बीपी १८०/१००, नाडी ८४, श्वास १६, ऑक्सिजन ९७, ताप नाही. त्याचे गुण शून्य. आठ नंबरचे नातेवाईक "बीपी वाढलं, बीपी वाढलं" म्हणून वॉर्ड डोक्यावर घेतात. त्याला डोकेदुखी, छातीत दुखणं, हातापायात कमजोरी आहे का ते विचारा, डॉक्टरांना सांगा, पण आधी सात नंबर.

पुन्हा कधी मोजायचं, तेही बेरजेवरच ठरतं. शून्य असेल तर बारा तासांनी चालतं, १ ते ४ असेल तर चार-सहा तासांनी, ५-६ असेल तर दर तासाला. ७ किंवा जास्त असेल तर नजर हटवायची नाही. चोवीस पेशंटचं बीपी दर चार तासांनी घेण्यापेक्षा चार पेशंटचं दर तासाला घेणं जास्त कामाचं.

यात सगळ्यात जास्त चुकतो तो श्वास. कोणत्याही वॉर्डातला टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट उघडा, खालपासून वरपर्यंत सगळ्यांचे श्वास २० दिसतील. न्यूमोनियावाल्याचे २० आणि हर्नियावाल्याचेही २०. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं तर एका श्वासाची चूक चारची होते. आपण श्वास मोजतो आहोत हे पेशंटला कळलं की तो वेगळाच श्वास घ्यायला लागतो, म्हणून नाडीचा हात सोडू नका. अर्धा मिनिट नाडी मोजा, मग मनगट तसंच धरून पुढचं पूर्ण मिनिट पोटाकडे बघा. माणूस खालावायला लागला की बहुधा आधी श्वास वाढतो, मग नाडी वाढते, लघवी कमी होते, मन भरकटतं. बीपी सगळ्यांच्या शेवटी पडतं, आणि पडतं तेव्हा वेळ फार कमी उरलेला असतो.

पावसाळ्यातल्या तापाच्या पेशंटचं आणखी एक : अंग पुसताना काखेत, जांघेत, कमरेच्या नाड्याखाली, छातीच्या घडीत काळ्या खपलीचा छोटा डाग आहे का ते बघा. न दुखणारी, सिगारेटनं पोळल्यासारखी दिसणारी ही खपली स्क्रब टायफसची, म्हणजे बारीक किड्याच्या चाव्यानं होणाऱ्या तापाची, खूण असते. ती दाखवली तर डॉक्टरांचा औषधाचा निर्णय बदलू शकतो. तपासताना लाजेपायी कपड्याखाली राहून गेलेली खपली पुष्कळदा स्पंजिंग करणाऱ्या सिस्टरलाच दिसते.

गर्भाशय काढलेल्या बाईंना ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) आणलं तेव्हा सगळं ठीक होतं. तीन तासांनी त्या "मले कसंतरीच होऊन रायलं, पाणी द्या" म्हणू लागल्या. बीपी १०८ होतं, म्हणून आम्ही थांबलो. नंतर आतून रक्तस्राव निघाला. आधी कसं ओळखता आलं असतं?
— ब्रदर, उपजिल्हा रुग्णालय

१०८ हा आकडा एकटा वाचला, तिथं फसगत झाली. ऑपरेशननंतरचे आकडे एका ओळीत, एकाखाली एक लिहून वाचायचे असतात. अशा पेशंटचा चार्ट साधारण असा दिसतो :

साडेबारा वाजता नाडी ८४, बीपी ११८/७४.
दीड वाजता नाडी ९८, बीपी ११४/८२.
अडीच वाजता नाडी ११६, बीपी १०८/८६.

वरचं बीपी जेमतेम दहानं उतरलं. पण वरच्या आणि खालच्या आकड्यातलं अंतर बघा : ४४, मग ३२, मग २२. रक्त कमी पडलं की शरीर रक्तवाहिन्या आवळून धरतं, म्हणून खालचा आकडा वर चढतो आणि नाडी पळते. साठ किलोच्या बाईच्या अंगात साधारण चार लिटर रक्त असतं. त्यातलं ६०० मिलीपासून हजार-बाराशे मिलीपर्यंत गेलं तरी वरचं बीपी जवळपास जागेवर राहू शकतं. आपल्याकडच्या कितीतरी बाया आधीच ८-९ हिमोग्लोबिन घेऊन ओटीत जातात. त्यांच्याजवळ घालवायला फारसं नसतंच.

"कसंतरीच होऊन रायलं", "जीव घाबरा होते", "तहान लागली" ही वाक्यं चार्टवर त्यांच्याच शब्दांत, वेळ टाकून लिहा. भुलीनंतर तोंड सगळ्यांचंच कोरडं पडतं. पण तहान, बेचैनी आणि वाढती नाडी एकत्र आली की दुसरं कारण सापडेपर्यंत रक्तस्रावच समजा.

ओटीतून आल्यावर पहिला तास दर पंधरा मिनिटांनी, पुढचे दोन तास दर अर्ध्या तासानं, नंतर चार तास दर तासानं बघणं हा नेहमीचा पाठ. प्रत्येक वेळी या गोष्टी :

ड्रेसिंग ओलं झालं असेल तर डागाच्या कडेनं पेननं रेघ ओढा आणि वेळ लिहा. पुढच्या वेळी डाग रेघेबाहेर गेला की वाद उरत नाही. भिजलेलं ड्रेसिंग उपटू नका, वर दुसरं बांधा.

हात कमरेखाली घाला. रक्त उतारानं वाहतं. वरून ड्रेसिंग कोरडं आणि पाठीखाली चादर चिंब, असं होतं. गर्भाशय काढलेल्या बाईचं पॅडही बघा, किती वेळात किती भरलं ते लिहा.

ड्रेनमध्ये तासाभरात १०० मिलीच्या वर ताजं लाल रक्त आलं तर लगेच सांगा. ड्रेन एकदम थांबला आणि पोट फुगत चाललं, तर ते जास्त वाईट. गुठळीनं नळी बंद झालेली असते आणि रक्त आत साचत असतं.

लघवी ताशी वजनाच्या निम्मे मिली हवी. ५० किलोच्या माणसाला २५ मिली. सलग दोन तास त्याखाली गेली, तर आधी नळी दुमडली आहे का ते बघा, आणि नसेल तर फोन करा.

पाठीतून भूल दिलेली असेल तर त्यामुळंही बीपी उतरतं. मात्र त्या पेशंटचे पाय कोमट असतात आणि नाडी बहुधा मंदच राहते. रक्तस्रावात हातपाय थंड आणि नाडी जलद. याला एक अपवाद आहे, तो लक्षात असू द्या : अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल ही बीपीची औषधं घेणाऱ्याची नाडी रक्त गेलं तरी फारशी वाढत नाही.

शंका आली की पाय उंच करा, ऑक्सिजन लावा, तोंडानं काहीही देऊ नका, आणि दुसऱ्या हातात मोठं इंट्राकॅथ (सलाईनसाठी शिरेत घालायची नळी) घाला : हिरवं १८ नंबरचं, गुलाबी किंवा निळं नव्हे. नळी जितकी बारीक तितकं सलाईन हळू जातं, मग बाटली कितीही उंच टांगा. त्याच टोचणीत क्रॉस-मॅचसाठी (द्यायचं रक्त जुळतं का ते बघायला) रक्त काढून घ्या. शिरा आवळल्यावर मग कोणालाच सापडत नाहीत. "दुखत असेल" म्हणून वेदनाशामक देऊन झोपवणं ही सर्रास होणारी चूक. दुखणं शमवायला हवंच, पण आधी आकडे बघून.

कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेले पेशंट ऑगस्ट ते ऑक्टोबरात येतात. ॲट्रोपिन (विषावरचा उतारा) सुरू झाल्यावर आम्ही डोळ्यांच्या बाहुल्याच बघत बसतो. बरोबर आहे का?
— स्टाफ नर्स, यवतमाळ जिल्हा

बाहुल्यांवर एकट्यावर विसंबू नका, त्या उशिरा मोठ्या होतात. आधी छाती ऐका. ऑर्गनोफॉस्फरस या गटातल्या कीटकनाशकाच्या विषानं माणूस स्वतःच्याच स्रावात बुडतो, म्हणून छातीतली घरघर थांबणं ही पहिली खूण. सोबत काख कोरडी, नाडी ८० च्या वर, वरचं बीपी ८० च्या वर आणि बाहुली टाचणीच्या टोकासारखी न राहणं. पहिला डोस साधारण १.८ ते ३ मिलिग्रॅमचा असतो, म्हणजे ०.६ च्या ३ ते ५ ॲम्प्युल. खुणा साधेपर्यंत दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट करत नेतात. त्यामुळं या अर्ध्या तासात एका सिस्टरनं खाट सोडायची नाही, आणि किती ॲम्प्युल गेले ते कोणीतरी ओरडून मोजत लिहायचं. रिकामे ॲम्प्युल ट्रेमध्येच राहू द्या, शेवटी मोजता येतात. पुढं ठिबकातून ताशी किती द्यायचं, ते या बेरजेवरूनच ठरतं : एकूण डोसाच्या दहा ते वीस टक्के.

जास्त झालं तर तेही दिसतं. पेशंट हवेत काहीतरी पकडू लागतो, बडबडतो, अंग तापतं, पोटातला आवाज बंद होतो, लघवी अडते. ॲट्रोपिननं घाम थांबलेला असतो, त्यामुळं उकाड्याच्या वॉर्डात ताप झपाट्यानं चढतो. डॉक्टरांना सांगून ठिबक थांबवून घ्यावं लागतं. असा पेशंट "व्रात्य झाला" म्हणून नुसता बांधून ठेवणं धोक्याचं.

अंगावरचं विष आधी धुवा, पण ॲट्रोपिन थांबवून नव्हे. हातमोजे आणि ॲप्रन घाला, खिडक्या उघडा. सगळे कपडे कापून प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. साबण-पाण्यानं केस, कानामागं, बेंबी, नखांच्या कडा, जांघा धुवा. पाठीवर पंप बांधलेला असतो, तिथली कातडी विसरली जाते. तेच भिजलेलं बनियन नातेवाईक घरी नेऊन धुतात, त्यांनाही सांगा.

नातेवाइकांना बाटली आणायला लावा. फवारणीचं प्रत्येक औषध ऑर्गनोफॉस्फरस नसतं. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस त्यातले, इमिडाक्लोप्रिड वेगळं, पॅराक्वाट तर तणनाशक, आणि त्यात ऑक्सिजन फार खाली गेल्याशिवाय लावतच नाहीत, कारण त्यानं फुप्फुसाची हानी वाढते. लेबलवरचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा की हिरवा, तेही लिहून घ्या. लाल सर्वांत जहाल.

पेशंट शुद्धीवर आला, बोलायला लागला, घरचे सुट्टी मागायला लागले, तरी सुटलो असं समजू नका. एक दिवसानंतर, चौथ्या दिवसापर्यंत कधीही, मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. दर दोन तासांनी त्याला उशीवरून डोकं उचलायला सांगा. उचलून पाच सेकंद धरता आलं नाही तर डॉक्टरांना उठवा. दुसरी तपासणी एका दमात आकडे म्हणण्याची. काल २५ पर्यंत म्हणायचा तो आज ११ वर थांबला, तर ऑक्सिजनचा आकडा चांगला असला तरी श्वास हरतो आहे.

बोटावरचं यंत्र ९८ दाखवतं, पण पेशंटला दम लागतो. यंत्र बिघडलं का? आणि रेफर करताना ऑक्सिजनचं सिलिंडर किती वेळ पुरेल?
— आरोग्यसेविका, मेळघाट

आधी यंत्रावरची नाडी आणि हातानं मोजलेली नाडी जुळते का बघा. जुळत नसेल तर ९८ हा आकडा खोटा. बोट थंड असेल तर चोळून गरम करा. नखावर मेंदी, आलता किंवा नेलपॉलिश असेल तर दुसरं बोट घ्या किंवा कानाची पाळी. काळसर कातडीवर यंत्र थोडं चढं दाखवू शकतं, तेही धरून चला.

आकडा खरा असला तरी तेवढ्यानं भागत नाही. रक्तात आहे तेवढ्या हिमोग्लोबिनपैकी किती ऑक्सिजननं भरलं, एवढंच यंत्र सांगतं. हिमोग्लोबिन ५ असलेल्या बाईचं ९८ म्हणजे पाचच डबे, पण भरलेले. म्हणून पापणी ओढून बघा, तळहात बघा. सिकलसेलच्या पेशंटला अंगदुखीसोबत छातीत दुखायला लागलं, ताप आला आणि नेहमीपेक्षा आकडा तीननं जरी उतरला, तरी त्याच क्षणी कळवा.

ज्या बायांची हयात चुलीच्या धुरात गेली, त्यांचा जुना दमा बऱ्याचदा सीओपीडी (फुप्फुसाचा कायमचा आजार) असतो. त्यांना ८८ ते ९२ पुरे. ९९ करायच्या नादात पाणी उकळल्यासारखा ऑक्सिजन सोडला तर त्या गुंगीत जातात.

सिलिंडरचं गणित तोंडपाठ हवं. बी-टाइप भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर असतो आणि काटा १५० च्या आसपास. मिनिटाला ५ लिटर सोडला तर पाच तास, १० लिटर सोडला तर अडीच तास. काटा ७५ वर असेल तर त्याच्या निम्मं. त्यातला पाव भाग हातचा राखा. धारणीहून घाटातून अमरावतीला तीन तासांहून जास्त लागतात, म्हणजे १० लिटरवरचा पेशंट एका सिलिंडरवर निघालाच नाही पाहिजे. १०८ ला फोन करतानाच किती लिटरवर आहे ते सांगा. पिशवीवाला मास्क असेल तर लावण्याआधी बोटानं झडप दाबून पिशवी फुगवून घ्या. १० लिटरखाली ती पिशवी चपटी राहते आणि पेशंट गुदमरतो.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी "व्यसन आहे का?" विचारलं की सगळे नाही म्हणतात. सकाळी गालात खर्रा निघतो.
— नर्सिंग विद्यार्थिनी, भंडारा जिल्हा

प्रश्न बदला. "दिवसाला किती खर्रे लागतात?" असं विचारा. व्यसन म्हणजे दारू, असं आपल्याकडे धरून चालतात. खर्रा त्यात मोजतच नाहीत.

मग तोंड उघडायला लावा आणि त्याचीच तीन बोटं उभी आत जातात का बघा. सुपारी-तंबाखूनं गालाच्या आतलं कातडं ताठ होतं, तोंड उघडत नाही. दोनच बोटं जात असतील तर भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच सांगा. टेबलावर, भूल दिल्यावर कळलं तर श्वासनळीत नळी घालता येत नाही आणि सगळ्यांची धावपळ होते. हलणारे दात, कवळीही याच वेळी लिहा.

उपाशी राहण्याचं : साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, दुधाचा चहा आणि जेवण सहा तास आधीपर्यंत. "नुसता चहाच घेतला" हे पोट रिकामं नव्हे. मधुमेही माणसाला उपाशी ठेवून शुगरची गोळी दिली गेली नाही ना, हेही बघा. ग्लिमेपिराइड घेतलेल्याची शुगर पुढचे चोवीस तास पुन्हा पुन्हा उतरू शकते. ७० च्या खाली गेली, माणूस शुद्धीवर आहे आणि तोंडानं द्यायला मनाई नाही, तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. उपाशी असलेल्याला किंवा गुंगीतल्याला शिरेतूनच, डॉक्टरांच्या आदेशानं. २५ टक्क्यांच्या १०० मिली डेक्स्ट्रोजमध्ये २५ ग्रॅम साखर असते. औषध घट्ट आहे, शीर मोठी निवडा, बाहेर गळलं तर कातडी जळते. तपासण्याआधी बोट पाण्यानं धुवा. संत्रं सोलून आलेल्या बोटावर शुगर २५० दिसू शकते, आणि खरी असते ६०.

रात्री फोन केला की डॉक्टर म्हणतात, "नीट सांगा, काय झालं?" आणि माझी त-त-प-प होते.
— ब्रदर, गडचिरोली जिल्हा

चार वाक्यं कागदावर लिहून मगच फोन उचला. उदाहरणार्थ : "सर, पुरुष वॉर्ड, सात नंबर, वय ५५, दम वाढला आहे. तीन दिवसांपासून तापासाठी भरती, मधुमेह आहे. संध्याकाळी श्वास १८ होते, आता २४, नाडी ९० ची ११२, बीपी ११०/७०, ऑक्सिजन ९५, गुण ७. मला हा सेप्सिस वाटतो, तुम्ही येऊन बघावं. तोवर ऑक्सिजन आणि सलाईन लावू का, कल्चरचं रक्त काढून ठेवू का?" (सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्गानं सगळ्या शरीराचंच काम बिघडणं.) संध्याकाळचा आकडा सोबत सांगणं यातलं मुख्य. नुसतं "पेशंट सिरियस आहे" म्हटलं तर समोरच्याला झोपेत काहीच कळत नाही. मिळालेला आदेश परत वाचून दाखवा आणि फोनची वेळ लिहा.

बाबांना अर्धांगवायू झाला. दवाखान्यातून घरी आणलं आहे. पाठीला लाल डाग पडला, आम्ही तेल लावून चोळतो. भाकरी-दूध कुस्करून देतो, पण ठसका लागतो.
— वाचक, वाशीम जिल्हा

चोळणं आजपासून बंद. आतली कातडी दबून नाजूक झालेली असते, चोळल्यानं ती फाटते. डागावर बोट दाबून सोडा : पांढरं होऊन पुन्हा लाल झालं तर वेळ आहे, लालच राहिलं तर जखम सुरू झाली. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, तिथं गरम किंवा टणक लागतं का ते हातानं बघा. त्या कुशीवर टेकवू नका. दर दोन तासांनी कूस बदला, पूर्ण आडवी नको, पाठीमागं उशी देऊन तिरकी. पोटरीखाली घडी घालून टाचा अधांतरी ठेवा. मधोमध भोक असलेली हवेची रिंग वापरू नका, कडेनं रक्त अडतं.

ठसका लागतो तोवर दूध-भाकरी थांबवा. पातळ दूध सगळ्यात आधी श्वासनळीत जातं. बाबांना सरळ बसवा, हनुवटी छातीकडे, चमचाभर पाणी चांगल्या बाजूच्या गालात द्या आणि "आ" म्हणायला सांगा. खोकला आला किंवा आवाज ओला, घोगरा झाला तर तोंडानं काहीच देऊ नका. त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन गिळणं तपासून घ्या आणि नाकातून नळीची गरज आहे का ते विचारा. ठसका न लागताही अन्न आत जाऊ शकतं, म्हणून ताप आणि श्वासाची गती रोज संध्याकाळी एका वहीत लिहीत चला. पूर्ण एक मिनिट मोजून.